दुसरा डावखुरा

गुडघे कुरकुरतात, पण परवा संध्याकाळी नेटाने शिवाजी पार्कला एक फेरी मारली आणि कट्ट्यावर टेकले. शेजारी चार आजोबा बसले होते. (मी स्वतः शहात्तरची, तरी त्यांना आजोबाच म्हणते!) रणजीचा मोसम तोंडावर आला की इथे दरवर्षी ही सभा भरते आणि विषयही ठरलेला असतो. फलंदाजांची चिंता कुणालाच नसते. मुंबईत फलंदाज पावसाळ्यात अळंबी उगवावीत तसे उगवतात. वाद असतो तो गोलंदाजांचा. धवल कुलकर्णी निवृत्त झाला, आता नवा चेंडू भरवशाने टाकणार कोण? शार्दूलला भारताच्या संघाने नेले तर? मुलानी आणि कोटियन दोघेही एकदम नसले तर? शेवटी एकाने "आपली बॉलिंग पूर्वीसारखी राहिली नाही" असे जाहीर केले आणि उरलेल्या तिघांनी माना डोलावल्या.

हे वाक्य मी साठ वर्षे ऐकते आहे. हे लोक ज्या काळाला 'पूर्वी' म्हणतात ना, त्या काळातही ऐकले आहे. लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत.

वडील गिरणीत साचेखात्यात होते. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, डावखुरा फिरकी गोलंदाज. त्याच्या बोटांवर एका गिरणीने त्याला टाइम ऑफिसात चिकटवून घेतले होते. त्या काळी मुंबईत गिरण्या, बँका, कंपन्या क्रिकेटसाठी नोकऱ्या देत. ऑफिसांच्या संघांची टाइम्स शील्ड जिंकणे म्हणजे साहेबांची मान उंच होणे. दादा सकाळी हजेरीपट लिही आणि दुपारनंतर मैदानावर जाई. वडिलांना हे कधीच पटले नाही. साच्यावर आठ तास उभे राहणाऱ्या माणसाला, चेंडू टाकण्याचा पगार मिळतो हे चोरी केल्यासारखे वाटे.

आमचा मोसम रणजीने नव्हे, कांगा लीगने सुरू व्हायचा. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने 1948 साली सुरू झालेली ही स्पर्धा म्हणजे मुंबईचा खास वेडेपणा. जगात पाऊस आला की क्रिकेट थांबते, आमच्याकडे ते पाऊस आला की सुरू होई. झाकायला काही नाही अशी ओली खेळपट्टी, बाहेर घोट्याएवढे गवत, त्यात चेंडू रुतून बसणार. शंभर धावा झाल्या की डोंगर वाटायचा. अशा खेळपट्टीवर टिकून मुंबईचे फलंदाज पक्के झाले असे सगळे सांगतात, ते खरेच आहे. पण त्याच चिखलात गोलंदाजही पक्के होत, हे कुणी सांगत नाही. ओला, जड झालेला, साबणासारखा निसटणारा चेंडू टप्प्यावर टाकायला शिकणे काय असते ते मी दादाच्या पॅंटीवरून सांगते. उजव्या मांडीवर चेंडू पुसून पुसून एक लाल पट्टा उमटे. तो धुऊन निघत नाही म्हणून आई करवादायची.

मला मैदानावर नेत नसत. मुलगी ना! पण दादा घरी आला की मी शंभर पानी वही घेऊन बसे आणि तो चहा पिता पिता सांगे: कोण कसा बाद झाला, कुठला चेंडू वळला, कुठला सरळ गेला. मी तारीख घालून सगळे टिपून ठेवी. मास्तरकी बहुधा तेव्हाच अंगात शिरली असावी. एका पावसाळ्याला एक वही पुरत नसे.

मुंबईने 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला, हे आमच्या पिढीला पाढ्यासारखे पाठ आहे. त्याची कथा सांगताना नावे कुणाची येतात? उम्रीगर, मांजरेकर, वाडेकर, सरदेसाई, गावसकर. सगळे फलंदाज. अहो, पण धावा कितीही करा, समोरचा संघ बाद व्हायला नको का? त्या पंधरातला पहिला मोसम घ्या. त्या वर्षी पोरसवदा, ठेंगणा रमाकांत देसाई वेगाने आला आणि त्याने एका मोसमात पन्नास बळी घेतले. शेवटचा घ्या. 1973 चा अंतिम सामना मद्रासला चेपॉकवर, तमिळनाडूविरुद्ध. त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, म्हणजे घरच्या मातीवरचे फिरकीचे सम्राट. मुंबईच्या त्या प्रसिद्ध फलंदाजीने काय केले? 151 आणि 113. आणि तरी आपण 123 धावांनी जिंकलो, कारण तमिळनाडूचे डाव 80 आणि 61 वर आटोपले. पद्माकर शिवलकरने पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 बळी घेतले, दुसऱ्या बाजूने एकनाथ सोलकर होताच. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला. कित्येकांची न्याहारीही उरकली नसेल!

मधले एक वर्षही सांगते. 1971 साली वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर वेस्ट इंडिजमध्ये इतिहास घडवत होते, आणि इकडे सुधीर नाईकच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने महाराष्ट्राला अंतिम सामन्यात हरवून करंडक राखला. त्या काळच्या संघातली अब्दुल इस्माईल, मिलिंद रेगे, शिवलकर ही नावे पाहा. तिघांपैकी एकही कधी कसोटी खेळला नाही. मी तर म्हणते, मुंबईचे ते साम्राज्य कसोटी न खेळलेल्या गोलंदाजांनी राखले.

गोलंदाजाला राबवायचे आणि नाव फलंदाजाचे घ्यायचे, ही या शहराची फार जुनी खोड. पळवणकर बाळू हे नाव तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? चर्मकार समाजातले, डावखुरे मंदगती गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात दरमहा चार रुपयांवर मैदान राखता राखता साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकत, पण फलंदाजी करायला त्यांना कुणी देत नसे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्यांचे बळी चालत; पुण्यात मात्र त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही, ते पुढे 1923 साली धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. 1937 च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघातून बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. एके काळी त्यांच्या गौरवाला आंबेडकर स्वतः पुढे झाले होते. हे सगळे आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर घडले. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण बाळूंचे नाव वर्गात एकदाही घेतले नाही. पुस्तकात नव्हते ना! आता वाटते, पुस्तकाबाहेरचे किती तरी सांगितले, हे का नाही सांगितले?

असो. दादाकडे वळते.

1968 साली बापू नाडकर्णी निवृत्त झाले. मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ एकवीस षटके एकही धाव न देणारे हेच ते बापू. त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या गॅलरीत एकच चर्चा: बापूंच्या जागी कोण? शिवलकर तर होताच, पण जोडीला दुसरा डावखुरा नको का? तळमजल्यावरचे एक काका ठामपणे म्हणत, "आपला हा काय वाईट आहे?" हा म्हणजे दादा. त्याला नुकतेच एकदा सरावाला बोलावणे आले होते. दहा मिनिटे त्याला चेंडू टाकायला मिळाले. नंतर तासभर तो जाळीबाहेर उभा राहून शिवलकरला बघत होता. घरी आला तो काही न खाता गॅलरीत गेला, खिशातला रुमाल जमिनीवर पसरला आणि म्हणाला, "एवढ्यावर टाकतो गं तो. तासभर. एवढ्यावर." नंतर कित्येक दिवस तो रुमाल तिथेच अंथरून रबरी चेंडू टाकत बसे.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. चार पुस्तके वाचून जीभ लांब झालेली. त्या दिवशीच्या चर्चेत दारात उभी राहून मी म्हटले, "शिवलकर असताना दुसरा डावखुरा हवाय कशाला? एका खोलीत दोन पंखे कोण लावतं?" सगळे हसले. मीही हसले. आणि जिन्याकडे लक्ष गेले तर खांद्यावर किट घेऊन दादा उभा. तोही हसला. "बरोबर बोलली," म्हणाला आणि पाय धुवायला मोरीत गेला.

खेळत तो पुढेही राहिला, सहा-सात वर्षे. पण मला काही सांगेनासा झाला. त्या पावसाळ्यातल्या वहीची शेवटची वीस-बावीस पाने कोरी आहेत. मी माफी मागितली नाही. आधी वाटले, त्यात काय एवढे, खेळातले बोलणे. मग उशीर झाला असे वाटले. मग लग्न, शाळा, मुले. 1982 च्या संपात त्याची गिरणी गेली, तो विरारला राहायला गेला. वडील तोवर वारले होते. गिरणी बंद पडलेली बघायची वेळ त्यांच्यावर आली नाही, एवढेच.

एक मात्र सांगते. शिवलकरबद्दल वाकडा शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. उलट शिवलकरला भारताकडून का घेत नाहीत यावर तो तळमजल्यावरच्या काकांशी घसा बसेपर्यंत भांडे. दादा शिवलकरच्या मागे उभा आणि शिवलकर बेदीच्या मागे, अशी ती रांग. बेदी 67 कसोट्या खेळले. शिवलकर 124 प्रथम श्रेणी सामन्यांत 589 बळी घेऊनही शून्य. हरियाणाचे राजिंदर गोयल त्याच रांगेत, तेही शून्य. गावसकरांनी आपल्या 'आयडॉल्स' पुस्तकात या दोघांनाही मानाने बसवले. 2017 साली क्रिकेट मंडळाने दोघांना सी. के. नायडू पुरस्कार दिला, तेव्हा दोघांनीही पंचाहत्तरीच्या आसपासचा उंबरठा गाठला होता.

मुंबईने 2024 च्या मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून बेचाळिसावा करंडक जिंकला, तो सामना मी टीव्हीवर पाहिला. विदर्भाचा पहिला डाव 105 वर आटोपला. धवल, मुलानी आणि कोटियन यांनी तीन-तीन बळी घेतले. शेवटच्या डावात शेवटचा बळी धवलच्याच वाट्याला आला, आणि तो त्याचा अखेरचा सामना. कट्ट्यावरच्या त्या आजोबांना मी हे सांगणार होते, पण त्यांनी मला विचारले कुठे! बायकांना अजूनही कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षीचे, म्हणजे 2025 चे, फेब्रुवारी-मार्च मुंबईच्या क्रिकेटला फार वाईट गेले. आधी द्वारकानाथ संझगिरी, मग मिलिंद रेगे, आणि 3 मार्चला शिवलकर. त्या रात्री दादाचा फोन आला. आता त्याला ऐकू कमी येते, म्हणून तो ओरडून बोलतो.

"अगं, पॅडी गेला."

मी म्हटले, हो, बातम्यांत बघितले. मग दोघेही गप्प. मला वाटले, आत्ता बोलावे, छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचे ते दोन पंखे आता तरी उतरवावेत. तेवढ्यात तोच म्हणाला, "ती वही आहे का गं तुझ्याकडे?"

आहे, म्हटले. कपाटात, वरच्या फळीवर. वाचून दाखव म्हणाला. मी स्टूल घेऊन वही काढली (सुनेने नंतर रागे भरले), चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागले. आझाद मैदान. क्रॉस मैदान. ओली खेळपट्टी. पहिला बळी, स्लिपमध्ये झेल. दुसरा, पुढे सरसावला आणि यष्टिचीत. तो मधूनच दुरुस्ती करत होता: "नाही नाही, तो पायचीत होता, तू चुकीचं लिहिलंयस." कोऱ्या पानांपाशी आले तेव्हा थांबले.

"पुढे?" तो म्हणाला.

"पुढे लिहिलेलं नाही, दादा. मी तेव्हा बोलले होते ना, त्यानंतर..."

पलीकडून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. त्याला ऐकू गेले की नाही, कोण जाणे. मग तो पहिल्यासारखाच ओरडून म्हणाला, "बरं ते जाऊ दे. मला एक सांग, तू टीव्हीवर सगळं बघतेस. या मुलानीच्या मागे कोण आहे?"

मला नाव सांगता आले नाही. बघून सांगते म्हटले.