शक्ती वाहिनी विरुद्ध भारत सरकार

शक्ती वाहिनी विरुद्ध भारत सरकार हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी दिलेला निकाल होय. घराण्याच्या किंवा जातीच्या प्रतिष्ठेच्या नावाखाली तरुण-तरुणींवर होणारी हिंसा रोखण्याची जबाबदारी या निकालाने शासनावर, विशेषतः जिल्हा पोलीस यंत्रणेवर टाकली. दोन सज्ञान व्यक्ती विवाहास राजी असतील, तर कुटुंबाच्या, समाजाच्या वा कुळाच्या संमतीची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर व न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा हा निकाल सरन्यायाधीश मिश्रा यांनी लिहिला आहे.

== पार्श्वभूमी ==

हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश व लगतच्या भागांत एका गोत्राच्या किंवा परस्परांत भाईचारा मानणाऱ्या गावांच्या समूहास ‘खाप’ म्हणतात. सगोत्र, आणि पुष्कळदा एकाच गावातील मुलामुलींचे नाते खापच्या दृष्टीने बहीणभावाचे असते. त्यामुळे असा विवाह हा संपूर्ण समूहाचा अपमान समजला जातो. कायद्याची भूमिका मात्र वेगळी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९४० च्या दशकातच ‘माधवराव विरुद्ध राघवेंद्रराव’ या खटल्यात सगोत्र विवाह वैध ठरवला होता. पुढे १९४६ च्या कायद्याने हिंदूंमधील सगोत्र विवाहावरील बंदी उठली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड व निषिद्ध नातेसंबंध एवढीच बंधने ठेवली. कायद्यात गोत्राचा अडसर राहून सत्तर वर्षे उलटली नव्हती असे नव्हे. तो पुसला गेला होता, पण गावाच्या चावडीवर ही वार्ता पोहोचली नव्हती.

मनोज–बबली प्रकरणाने ही दरी देशापुढे आली. हरियाणातील कैथल जिल्ह्याच्या एकाच गावातील व एकाच गोत्रातील या दोघांनी २००७ मध्ये चंदीगड येथे विवाह केला. न्यायालयाने त्यांना पोलीस संरक्षण देण्याचा आदेश दिला होता. तरीही त्याच वर्षी जून महिन्यात प्रवासात असताना बसमधून उतरवून त्यांचे अपहरण झाले आणि पुढे त्यांचे मृतदेह कालव्यात सापडले. मार्च २०१० मध्ये कर्नालच्या सत्र न्यायालयाने मुलीच्या पाच नातेवाइकांना फाशीची व खापच्या एका नेत्याला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. २०११ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा रद्द केल्या आणि खापच्या नेत्यास निर्दोष मुक्त केले. संरक्षणाचा आदेश हाती असूनही जीव वाचला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब होय. २०१८ च्या निकालात पोलिसांच्या कर्तव्याला एवढे स्थान का मिळाले, हे त्यावरून उमगते.

== याचिका ==

शक्ती वाहिनी ही स्वयंसेवी संस्था आहे. डिसेंबर २००९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशातील अशा हत्यांचा अभ्यास करण्याचे काम तिच्याकडे सोपवले. त्यानंतर २०१० मध्ये संस्थेने सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका (दिवाणी क्र. २३१) दाखल केली. राष्ट्रीय व राज्य पातळीवर कृती आराखडा आखावा आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष स्थापावा, अशा तिच्या मागण्या होत्या. ज्येष्ठ विधिज्ञ राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून साहाय्य केले. काही खाप पंचायतींनीही आपली बाजू मांडली. आपण आंतरजातीय विवाहांच्या विरोधात नसून केवळ सगोत्र विवाहांना आपला विरोध आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विवाह वैध की अवैध हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, कोणत्याही जमावाचे नव्हे, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला.

याचिका प्रलंबित असताना, ऑगस्ट २०१२ मध्ये, विधी आयोगाने आपला २४२ वा अहवाल सादर केला. खुनाच्या व्याख्येत नवे कलम घालण्याऐवजी, विवाहाच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करण्यासाठी जमणे हाच गुन्हा ठरवावा, अशी त्याची शिफारस होती.

निकालात उद्धृत केलेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१४ ते २०१६ या काळात अशा २८८ हत्यांची नोंद झाली : २०१४ मध्ये २८, २०१५ मध्ये १९२ आणि २०१६ मध्ये ६८. आत्महत्या किंवा अपघात म्हणून दडपलेली प्रकरणे यांत येत नाहीत, हे ध्यानी घेऊनच हे आकडे वाचावेत.

== न्यायालयाचे निर्देश ==

संसद कायदा करीपर्यंत लागू राहतील असे प्रतिबंधात्मक, उपाययोजनात्मक व दंडात्मक निर्देश न्यायालयाने दिले. मागील पाच वर्षांत अशा घटना घडलेली किंवा खापच्या सभा भरलेली गावे राज्यांनी निश्चित करावीत. सभेची कुणकुण लागताच पोलिसांनी वरिष्ठांना कळवावे. उपअधीक्षकाने खापच्या लोकांना भेटून अशी सभा बेकायदा असल्याचे सांगावे, आणि तरीही ती भरलीच तर स्वतः तेथे उपस्थित राहून तिचे चित्रीकरण करवून घ्यावे. जोडप्यास इजा होण्याचा संभव दिसल्यास जमावबंदी व प्रतिबंधात्मक अटक यांचाही अवलंब करता येतो.

धोक्यात असलेल्या जोडप्यासाठी प्रत्येक जिल्हा मुख्यालयी सुरक्षित निवारागृहाची सोय करण्यास सांगण्यात आले. तेथे नाममात्र शुल्कात आरंभी एक महिना राहता येते आणि धोक्याचा विचार करून ही मुदत महिन्या-महिन्याने, जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत, वाढवता येते. विवाहित जोडप्यांबरोबरच, ज्यांच्या नात्याला घरच्यांचा विरोध आहे अशा अविवाहित जोडप्यांनाही ही सोय आहे. धमकीच्या तक्रारीची चौकशी अप्पर पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करून एका आठवड्यात अहवाल द्यावयाचा असतो. दोघे सज्ञान असून त्यांची इच्छा असेल, तर पोलीस संरक्षणात विवाह व नोंदणी पार पाडण्यास साहाय्य करावे, असेही निकालात म्हटले आहे.

निर्देशांचे पालन न करणाऱ्या अधिकाऱ्याचे वर्तन गैरवर्तन मानून विभागीय चौकशी सहा महिन्यांत पूर्ण करावयाची आहे. जिल्हा विशेष कक्षात चोवीस तास चालणारी मदतवाहिनी असावी आणि खटले शक्यतो सहा महिन्यांत निकाली निघावेत, असेही आदेश आहेत.

== महाराष्ट्राशी संबंध ==

महाराष्ट्रात खाप नाहीत. परंतु जातपंचायती आहेत आणि ‘चार लोक काय म्हणतील’ ही धास्ती त्यांच्याशिवायही पुरेशी प्रबळ आहे. २०१३ मध्ये नाशिक येथे आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती मुलीची तिच्या वडिलांनी हत्या केली. या घटनेनंतर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. मोहीम मात्र चालू राहिली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा संमत केला आणि तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. बहिष्कारासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद त्यात आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाचा शेवट अशाच हत्येने होतो. तेव्हापासून वृत्तपत्रे प्रत्यक्ष घटनांनाही चित्रपटाचेच नाव देऊ लागली. त्यामुळे विषय घरोघरी पोहोचला हे खरे, पण खुनाला कथानकाची झालर लावणारा हा शब्दप्रयोग टाळावा हे बरे.

== मर्यादा ==

निकालातील निवारागृह ‘जोडप्यां’साठी आहे. ज्या मुलीचे कोणावर प्रेम नाही, जिला केवळ ठरवलेले लग्न नको आहे, तिचा स्वतंत्र विचार त्यात नाही. तिला इतर कायद्यांचा आधार घ्यावा लागतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ खालील नियमांत घटनेच्या अहवालाचा जो नमुना आहे, त्यात मनाविरुद्ध विवाह करण्यास भाग पाडणे व पसंतीच्या व्यक्तीशी विवाह करण्यास रोखणे या दोन्ही बाबी छळाचे प्रकार म्हणून नोंदवल्या आहेत. ही तरतूद फारशी कोणास ठाऊक नसते. जबरदस्तीने संमती घेतली असल्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार विवाह रद्द करून घेता येतो. मात्र जबरदस्ती संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वधू १८ किंवा वर २१ वर्षांखालील असल्यास बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ लागू होतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ या क्रमांकावर लहान मुलांना स्वतःही दूरध्वनी करता येतो.

विशेष विवाह कायद्यातील ३० दिवसांच्या जाहीर नोटिशीची अडचणही राहतेच. घरच्यांपासून लपून विवाह करू पाहणाऱ्यांचे नाव-पत्ता या नोटिशीमुळे उघड होतो.

== नंतरच्या घडामोडी ==

राजस्थान विधानसभेने २०१९ मध्ये विधी आयोगाच्या शिफारशींच्या धर्तीवर विधेयक संमत केले. संसदेने असा स्वतंत्र कायदा केलेला नाही आणि भारतीय न्याय संहितेतही या गुन्ह्यासाठी वेगळे कलम नाही. ‘लक्ष्मीबाई चंदरगी विरुद्ध कर्नाटक राज्य’ (फेब्रुवारी २०२१) या खटल्यात सज्ञान, सुशिक्षित मुलीने विवाहाचे प्रमाणपत्र पाठवूनही तपास अधिकारी तिने ठाण्यात येऊन जबाब द्यावा म्हणून अडून बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला समज देऊन अशी प्रकरणे हाताळण्यासाठी पोलिसांना प्रशिक्षण देण्याचे निर्देश दिले. त्या वेळी शक्ती वाहिनी निकालास जवळपास तीन वर्षे झाली होती.