दाखविलेला देश

विद्यार्थ्यानें विद्येसाठीं घर सोडावें ही कल्पना आम्हां महाराष्ट्रीयांस नवी नाहीं. काशीस जाऊन गुरुगृहीं वर्षेंच्या वर्षें काढणारे बटू आमच्या पूर्वजांच्या नित्य पाहण्यांतले होते. पण तो विद्यार्थी एकटा जाई, पायीं जाई, माधुकरी मागून राही. आणि म्हणूनच ज्या गांवीं तो राही तेथल्या दहा घरांचे उंबरठे, तेथली बोली व तेथलें दारिद्र्य हीं त्याच्या आपोआप परिचयाचीं होत. विद्यार्थ्यांचा मेळा जमवावा, बरोबर एखादा जाणता गृहस्थ द्यावा आणि ठरल्या दिवसांत परमुलखांतील ठरलेलीं स्थळें दाखवून त्यांस परत आणावें, हा प्रकार मात्र अर्वाचीन आहे.

त्याचा आरंभ इंग्रज सरदारांच्या मुलांपासून धरण्याचा प्रघात आहे. रिचर्ड लॅसल्स नांवाच्या पाद्र्यानें इटलीच्या प्रवासाचें पुस्तक लिहिलें, तें १६७० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत या सफरीस त्यानें ‘ग्रँड टूर’ असें नांव दिलें व तेंच पुढें रूढ झालें. या तरुणांबरोबर जो शिक्षक जाई त्याला इंग्रज लोक थट्टेनें अस्वलाचा दरवेशी म्हणत. सहलीबरोबर गेलेल्या कोणत्याहि अध्यापकास या उपमेची यथार्थता पटवून द्यावी लागणार नाहीं! पण ही सफर श्रीमंतांची होती. तिची कथा येथें लांबविण्याचें कारण नाहीं.

सामान्य घरांतील विद्यार्थ्यांस घराबाहेर काढलें तें जर्मनीनें. बर्लिनजवळच्या स्टेगलिट्स येथें १९०१ सालीं ‘वांडरफोगल’ म्हणजे भटके पक्षी या नांवाचा संघ निघाला, आणि शाळेंतलीं मुलें पाठीवर पिशव्या टाकून रानोमाळ हिंडूं लागलीं. १९०९ सालच्या ऑगस्टांत रिचर्ड शिरमान हा एक प्राथमिक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन असाच पायीं चालला असतां वादळी पावसांत सांपडला. एका खेडेगांवच्या शाळेंत त्यांनीं रात्र काढली. सुटींत ओस पडणाऱ्या शाळा वाटसरू मुलांस निजावयास कां देऊं नयेत, हा विचार त्याला त्या रात्रीं सुचला. त्यांतून अल्टेना येथील जुन्या किल्ल्यांत पहिली युवक-धर्मशाळा उभी राहिली, आणि १९३२ सालीं अनेक देशांचा मिळून आंतरराष्ट्रीय संघ झाला. एका शिक्षकाच्या भिजलेल्या रात्रीचें इतकें मोठें फळ आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

जपाननें हीच गोष्ट सरकारी हुकुमानें केली. १८७१ सालीं इवाकुरा याचें शिष्टमंडळ युरोप-अमेरिका पाहावयास निघालें, तेव्हां त्याच जहाजावर विद्यार्थीहि होते. त्यांत पांच मुली होत्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची. तिनें पुढें १९०० सालीं तोक्योंत स्त्रियांसाठीं विद्यालय काढलें. येथवर सर्व गोड आहे. परंतु रशियाचा पराभव झाल्यावर १९०६ सालच्या उन्हाळ्यांत शिक्षणखात्यानें व लष्करानें मिळून जपानी विद्यार्थ्यांच्या टोळ्या मांचूरियांत नेल्या. अशा सहलींतून पोर्ट आर्थरची रणभूमि दाखवीत. पाहुणे म्हणून नव्हे, तर जेत्यांचे वारस म्हणून हीं मुलें परमुलखांत हिंडलीं. ती भूमि मुळांत ज्या चिनी शेतकऱ्यांची, त्यांची बाजू मुलांस सांगण्याची सोय त्या कार्यक्रमांत असणें शक्यच नव्हतें.

आतां आमच्याच घरची गोष्ट. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलें. या मंडळाचा तरुण चमू १९३६ सालीं ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें बर्लिनला गेला व हुतूतूसारखे आपले देशी खेळ त्यानें तेथें करून दाखविले. वऱ्हाडांतल्या आखाड्यांतून निघालेलीं, घरीं साहेबापुढें वागण्याची संवय लागलेलीं पोरें युरोपच्या मध्यभागीं जाऊन आपला खेळ मांडतात आणि लोक टाळ्या वाजवितात, या प्रसंगाचें मोल आज कमी लेखणें कृतघ्नपणा होईल. त्याच पंधरवड्यांत, ऑगस्टच्या १५ तारखेस, ध्यानचंदाच्या संघानें हॉकीच्या अंतिम सामन्यांत यजमानांना आठ विरुद्ध एक गोलांनीं हरविलें.

परंतु त्या पाहुण्यांस कोणतें बर्लिन दिसलें? शहर धुवून पुसून ठेवलेलें होतें. ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या सामन्यांपुरत्या उतरविल्या होत्या. ज्यूद्वेषानें बरबटलेलें ‘श्ट्युर्मर’ पत्र चव्हाट्यावरून दूर केलें होतें. सामने सुरू होण्यापूर्वीं पंधरा दिवस, १६ जुलै रोजीं, शहरांतील सुमारें सहाशें जिप्सी बायकापोरांसह उचलून मारत्सान येथील मैलापाण्याच्या शेतांशेजारीं नेऊन टाकले. बर्लिनच्या उत्तरेस ओरानियनबुर्ग येथें त्याच महिन्यांत कैद्यांकडून साक्सनहाउझेनची छावणी बांधून घेण्यास आरंभ झाला. आणि ज्या शिरमाननें मुलांसाठीं घरें उघडलीं, त्याला आपल्याच आंतरराष्ट्रीय संघाचें अध्यक्षपद त्याच १९३६ सालीं सरकारी दडपणानें सोडावें लागलें. जर्मनींतल्या त्याच्या धर्मशाळा तर १९३३ सालींच हिटलरच्या युवकसंघटनेनें गिळल्या होत्या.

अमरावतीच्या तरुणांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. यजमानाचें घर पाहणें आणि यजमानानें दाखविलेलें घर पाहणें यांतला भेद विसाव्या वर्षीं कळावा, ही अपेक्षाच अन्यायाची. १९२६ सालीं खुद्द रवींद्रनाथ मुसोलिनीचे पाहुणे होऊन इटलींत हिंडले व भारावूनहि गेले; तेव्हां त्यांचें वय पांसष्ट होतें. इटलीबाहेर, स्वित्झर्लंडमध्यें, रोमाँ रोलाँची गांठ पडली, छळ सोसलेल्यांच्या हकीकती कानांवर आल्या, आणि मग त्यांनीं आपलें मत जाहीरपणें फिरविलें. आमच्या मतें रवींद्रनाथांचा मोठेपणा या फिरविण्यांत आहे. पण त्यांना रोलाँ भेटला. सामान्य विद्यार्थ्यांच्या टोळीला असा कोणी भेटण्याची तजवीज कोण करणार?

हा प्रश्न आम्हां नामपूरकरांस अगदींच दूरचा वाटूं नये. आमचें बागलाणहि एके काळीं परक्यानें वाटेवरून पाहिलें आहे. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० च्या जानेवारींत सुरतेहून निघून नंदुरबारावरून बऱ्हाणपुराकडे गेला. बागलाणच्या प्रतापशाहाचा, साल्हेर-मुल्हेर किल्ल्यांचा व तेथें पडणाऱ्या महमुदी नाण्यांचा उल्लेख त्याच्या वृत्तांतांत आहे. व्यापाऱ्याची नजर नाण्यांकडे जावयाचीच. मुल्हेरच्या पायथ्याशीं मोसमच्या पाण्यावर शेत भिजविणारा कुणबी कसा राहतो, हें त्याला वाटेवरून कोठून दिसणार?

अलीकडे नाशिक जिल्ह्यांतलीं महाविद्यालयेंहि विद्यार्थ्यांस सिंगापूर, दुबई दाखवून आणण्याच्या गोष्टी बोलूं लागलीं आहेत. कर्ज काढून मुलास पाठविणाऱ्या कांदेवाल्या बापाचा पैसा त्यांत असतो, म्हणून आम्ही हें लिहीत आहों. पांच दिवसांत उंच इमारती, बागा, बाजार सर्व दाखवावें. त्यास आमची ना नाहीं. पण एक रविवारची सायंकाळ कार्यक्रमांतून मोकळी सोडावी आणि मुलांना सिंगापुरांतल्या ‘लिटल इंडिया’ भागांत न्यावें. त्या उंच इमारतींवर राबणारे तमिळ व बांगला देशी मजूर आठवड्याची सुटी म्हणून त्या दिवशीं तेथें जमतात, रस्त्याकडेला गवतावर बसतात, घरीं फोन करतात. त्यांच्याशीं मुलांनीं दोन शब्द बोलावे.