शालेय मैदानी खेळांचे छायाचित्रण

शालेय मैदानी खेळांचे छायाचित्रण हा क्रीडाछायाचित्रणाचा एक उपप्रकार असून त्यात मुलामुलींच्या सामन्यांतील गतिमान क्षण टिपले जातात. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरात त्याचा विषय मुख्यतः क्रिकेट, खो-खो व कबड्डी हे खेळ असतात. ठाण्याचे दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह व सेंट्रल मैदान, डोंबिवलीचे सावळाराम महाराज क्रीडासंकुल आणि कल्याणचे सुभाष मैदान ही येथील परिचित क्रीडांगणे होत. छायाचित्रकार बहुधा पालक, शिक्षक किंवा हौशी व्यक्ती असते. चेंडू निघून गेल्यानंतरची बॅट, पाठमोरा गडी, पुसट चेहरा हे नेहमी आढळणारे दोष प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या मर्यादेमुळे येत नाहीत. पुढच्या क्षणी काय घडणार याचा अंदाज नसणे हे त्यांचे अधिक मोठे कारण आहे.

गती आणि शटर

सेकंदाला ५ मीटर वेगाने धावणारे मूल १/६० सेकंदात सुमारे ८ सेंटिमीटर पुढे सरकते, तर १/१००० सेकंदात केवळ अर्धा सेंटिमीटर. त्यामुळे धावणे, उडी किंवा फटका स्थिर दिसण्यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवतात. प्रकाश अपुरा असल्यास आयएसओ वाढवावा लागतो. त्यामुळे चित्रात थोडे कण दिसतात, पण कणीदार चित्र हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे. हलत्या गड्यावर सतत केंद्रित राहणारा फोकस आणि सलग चित्रे घेण्याची सोय आता अनेक मोबाइल फोनमध्येही असते. मात्र डिजिटल झूममुळे तपशील हरवतो, म्हणून फोन वापरणाऱ्याने सुरक्षित अंतर राखून खेळाच्या जवळ जाणे श्रेयस्कर ठरते.

प्रकाश

ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. याच काळाच्या आसपास ‘शून्य सावली दिवस’ असतो आणि उन्हाळी सुटीतील क्रीडाशिबिरेही याच दिवसांत भरतात. टोपीच्या झापेची गडद सावली चेहऱ्यावर पडून डोळे दिसेनासे होतात. स्वयंचलित मापन उजळ मैदानाला अनुसरून चेहरा आणखी काळवंडवते, म्हणून प्रकाशमान चेहऱ्यावरून ठरवावे लागते. शक्य तेथे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर चित्रे घेतात. खेळाडूंवर फ्लॅश वापरत नाहीत. त्याने लक्ष विचलित होते.

सायंकाळच्या कबड्डी सामन्यांत अडचण वेगळी असते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. वेगवान, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरने घेतलेल्या चित्रांत त्यामुळे आडवे पट्टे उमटतात किंवा लागोपाठच्या चित्रांचे रंग बदलतात. यांत्रिक शटर, काही कॅमेऱ्यांतील लुकलुक टाळणारी योजना किंवा शटरचा कमी वेग यांनी हा दोष घटतो.

खो-खो

या छायाचित्रणाला सर्वाधिक अनुकूल खेळ बहुधा खो-खोच आहे. प्रौढ गटाचे मैदान २७ × १६ मीटर, म्हणजे आटोपशीर असते. त्याशिवाय खेळाचे नियमच पुढची हालचाल सुचवतात. पाठलाग करणाऱ्या गड्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. खांबाच्या पलीकडे, मैदानाच्या हद्दीबाहेर थोडे तिरके बसलेल्या छायाचित्रकाराकडे तो समोरून धावत येतो. खांबाला धरून अंग झोकून देत गडी बाद करण्याचा क्षणही तेथूनच दिसतो.

पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. म्हणजे कोणत्याही एका बाजूने चार चेहरे आणि चार पाठी दिसतात. खो मागूनच द्यावा लागतो. त्यामुळे बसलेल्या गड्याचे तोंड असलेल्या बाजूस राहिल्यास देणारा व उठणारा असे दोघांचेही चेहरे एकाच चौकटीत येतात. पहिला डाव एका बाजूने आणि दुसरा दुसऱ्या बाजूने टिपणे म्हणूनच उपयुक्त ठरते. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणण्यासाठी गुडघ्यावर बसणे आवश्यक असते. उभ्याने घेतलेल्या चित्रात टाळू आणि माती यांखेरीज फारसे काही उरत नाही.

क्रिकेट

क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असली तरी सीमारेषा दूर असते. २०० मिलिमीटरची लेन्सही तेथून अपुरी वाटू शकते. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाची छाती ऑफ बाजूकडे असते, म्हणून पॉइंट ते कव्हर या भागाच्या सीमारेषेबाहेरून चेहरा व बॅट दोन्ही दिसतात. शहरी मैदानांभोवती इमारती, वाहने व फलक असतात. लेन्सचे छिद्र मोठे ठेवून, उदाहरणार्थ एफ/२.८ किंवा एफ/४, पार्श्वभूमी धूसर करतात. साइटस्क्रीनसमोर उभे राहणे मात्र फलंदाजाला त्रासदायक असते.

शालेय सामना क्वचित इतिहासाचा भागही होतो. ४ व ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणमध्ये भंडारी चषक स्पर्धेत प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या आणि ए. ई. जे. कॉलिन्स यांचा १८९९ मधील नाबाद ६२८ धावांचा विक्रम मागे पडला. अशा वेळी धावफलकाचे साधे चित्रही दस्तऐवज ठरते. इतर सामन्यांत मात्र सर्व चौकटी दोन-तीन चमकदार खेळाडूंवरच खर्च होतात. राखीव गड्याचे वर्षभरात एकही चित्र नसणे ही सामान्य गोष्ट आहे. हौशी छायाचित्रकाराला ती सहज टाळता येते.

संमती आणि प्रसिद्धी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ ठरते आणि तिच्या वैयक्तिक डेटावरील प्रक्रियेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापरास हा कायदा लागू होत नाही. घरच्या संग्रहातील चित्र आणि प्रशिक्षणसंस्थेच्या जाहिरातीतील चित्र यांत म्हणूनच फरक करावा लागतो. सूर मारताना किंवा पडताना कपडे अस्ताव्यस्त झालेली, तसेच दुखापत वा रडणे दाखवणारी चित्रे उत्तम साधली असली तरी वगळणे उचित समजले जाते. मुलाचे नाव, शाळा आणि सरावाची वेळ एकाच चित्रासोबत दिल्यास ते मूल केव्हा व कोठे सापडेल हे अनोळखी माणसालाही कळते. त्यामुळे संघाचे नाव आणि स्पर्धेचे वर्ष एवढाच मजकूर चित्राखाली देतात.