म्हैसमाळचें गवताळ पठार व हरितांचें दप्तर

वेरूळच्या डोंगरावर, खुलताबादेच्या पलीकडे, म्हैसमाळचें गवताळ पठार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें एक हजार मीटर उंचीचा हा माळ उन्हाळ्यांत करडा व उजाड दिसतो. मृगाचे दोन पाऊस पडतांच तेथील काळ्या खडकांवर हिरव्या मखमालीसारखा जो थर चढतो, त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाचें लक्ष सहसा जात नाहीं. लोक त्यास सरसकट शेवाळ म्हणतात. शास्त्रज्ञ मात्र पाण्यांतील शेवाळ निराळें मानून, खडकावर, सालीवर व जुन्या भिंतींवर उगवणाऱ्या या बारीक पानांच्या वनस्पतीस हरिता असें नांव देतात. इंग्रजी शिकलेले तिलाच मॉस म्हणतात. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत या क्षुद्र वनस्पतीस जागा कां द्यावी, अशी शंका वाचकांस येईल. आमचें म्हणणें असें कीं, हरितांची नोंद कोठें झाली व कोठें राहिली हा प्रश्न जितका वनस्पतींचा, तितकाच राज्यांच्या सरहद्दींचा आहे.

हरितांच्या शास्त्रीय नांवांची कालगणना १ जानेवारी १८०१ पासून धरतात. योहान हेडविग १७९९ सालीं वारला. त्याचा ग्रंथ १८०१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तोच या शास्त्राचा आरंभ मानण्यांत आला. हरितेच्या बीजुकांची कुपी पिकली म्हणजे तिचें झांकण गळतें व तोंडाशीं सूक्ष्म दांत दिसतात. त्या दांतांवरून हेडविगनें कुळें ठरविलीं. पुढें १८५९ सालीं विल्यम मिटन यानें हिंदुस्थानांतील हरितांची यादी छापली. तींतील सामग्री मुख्यतः हिमालय, निलगिरि व सिंहलद्वीप येथील होती. आमच्या सह्याद्रीच्या वांट्यास फारसें कांहीं आलें नाहीं.

ही उणीव भरून काढण्यास पुढें आलेला मनुष्य वनस्पतिशास्त्राचा अध्यापक नव्हता. एल. जे. सेजविक हा मुंबई इलाख्यांतील सनदी अधिकारी. इलाख्याच्या १९२१ च्या खानेसुमारीचा अहवाल त्याच्याच नांवावर आहे. माणसें मोजण्याच्या कामांत असलेला हा अधिकारी सह्याद्रींत व कानडा जिल्ह्यांत फिरतांना हरिताहि गोळा करी. त्या तो विलायतेस एच. एन. डिक्सन याजकडे धाडी. डिक्सन हा नॉर्थॅम्प्टन येथें मूकबधिरांची शाळा चालवीत असे व उरलेला वेळ हरितांस देई. अशा दोन हौशी माणसांच्या पत्रव्यवहारांतून पश्चिम हिंदुस्थानच्या हरितांची पहिली भरीव नोंद तयार झाली. फिसिडेन्स सेजविकी या जातीच्या नांवांत त्या अधिकाऱ्याचें स्मरण राहिलें आहे.

आतां सरहद्दीकडे वळूं. थिओडोर कूकचा वनस्पतिग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला. ब्लॅटर व मॅक्कॅन यांचें गवतांवरील पुस्तक १९३५ सालीं आलें. दोन्हींच्या मथळ्यांत मुंबईचें नांव आहे. औरंगाबादचा मुलूख मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उत्तर उतार खानदेशांत, म्हणजे इलाख्यांत, आणि दक्षिण उतार निजामाकडे, अशी वाटणी होती. हरितेचें बीजुक वाऱ्यावर जातें, त्यास जकातनाका ठाऊक नसतो; ग्रंथकारास तो ठाऊक असतो. निजामाच्या राज्यांत पुराणवस्तुखातें १९१४ सालीं निघालें व गुलाम यझदानी यांनीं लेण्यांची मोठी सेवा केली, याविषयीं दुमत नाहीं. परंतु त्या खात्यास चित्रें व शिल्पें जपावयाचीं होतीं. हरिता त्याच्या दृष्टीनें केवळ उपद्रव होय.

मराठवाड्यांत विद्यापीठ १९५८ सालीं स्थापन झालें. तेथील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. तो सपुष्प वनस्पतींचा आहे. योगायोग असा कीं, त्याच सालीं जी. टी. दाभाडे यांचा हरितांवरील ग्रंथ निघाला. तो खंडाळा व महाबळेश्वर येथील हरितांचा आहे. एका ग्रंथांत प्रदेश आमचा पण हरिता नाहींत, दुसऱ्यांत हरिता आहेत पण प्रदेश घाटाचा. म्हैसमाळची हिरवी मखमाल या दोहोंच्या मधल्या फटींत पडली.

महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, संभाजीनगरास सुमारें सातशें. तेव्हां घाटावरील हरितांची विपुलता येथें शोधूं नये. येथें पाहावयाचें तें निराळेंच आहे. हरितेस खरीं मुळें नसतात; ती पानांनींच पाणी पिते व पाणी सरलें म्हणजे सुकून निपचित पडते. जुन्या चुनेगच्ची भिंतींवर वाढणारी हायोफिला सुकतांना पानें आंत गुंडाळून घेते व पावसाचा थेंब लागतांच तीं उलगडते. फ्युनेरिया जळलेल्या जमिनीवर विशेष उगवते. ज्या गवताळ माळावर वणवे लागतात तेथें ती वणव्याची साक्ष देऊं शकते. भिंत कशाची आणि माळ केव्हां जळला, हे प्रश्न तर आमचेच आहेत.

वनस्पतीची साक्ष इतिहासांत किती उपयोगी पडते याचें उदाहरण वेरूळींच घडलें. पुरातत्त्वखात्याचे रसायनज्ञ राजदेव सिंह व विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनीं तेथील लेण्यांतील मातीच्या गिलाव्याची परीक्षा केली आणि त्यांत भांगेच्या झाडाचे अवशेष असल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. देवगिरीच्या किल्ल्यांतील गिलाव्यांतहि त्यांस तेंच आढळलें; अजिंठ्यास मात्र ही भांग नाहीं, व तेथील गिलावा कीटकांनीं बराच पोखरला आहे. ताम्रपट नाहीं, शिलालेख नाहीं. मातींत कालविलेल्या काडीनें कारागिराची युक्ति सांगितली.

या कारणास्तव आमची एक विनंति आहे. दगडी वास्तूंवरील शेवाळ व हरिता सौम्य अमोनियानें धुऊन काढण्याची रीत आहे. तीस आमचा विरोध नाहीं. कैलासाच्या शिल्पांपुढें हरितेची बाजू आम्ही घेणार नाहीं. परंतु धुण्यापूर्वीं चिमूटभर हरिता काढून ठेवण्यास कितीसा वेळ लागतो? या वनस्पतीस दाबण्याचीं यंत्रें नकोत, मद्यार्काच्या बाटल्या नकोत. ती सावलींत सुकवून कागदाच्या पुडींत घातली कीं झालें. शंभर वर्षांनीं पाण्यांत टाकली तरी पानें पूर्ववत् पसरतात व जात ओळखतां येते. रुमालांत बांधलेलीं जुनीं दप्तरें सोडण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस हें साधन परकें वाटूं नये.

वेरूळच्या २९ व्या लेण्याशेजारीं, सीतेच्या न्हाणीपाशीं, येळगंगेचें पाणी पावसाळ्यांत कड्यावरून पडतें. त्या तुषारांखालचा खडक, वरचा म्हैसमाळचा माळ आणि देवगिरीचा खंदक, या तीन ठिकाणांपासून आरंभ करावा. प्रत्येक पुडीवर स्थळ, उंची, खडक कीं माती कीं चुना, आणि तारीख लिहावी. तारीख शकांत घातली तरी चालेल. पण घालावीच, कारण बिनतारखेच्या कागदांनीं आमच्या मंडळींस आजवर पुरेसें छळलें आहे.