जलटरबाइनचा वेगनियंत्रक आणि स्थैर्याच्या गणिताचा उगम

जलविद्युत केंद्रातील टरबाइनवरचा भार क्षणोक्षणी बदलत असतो. भार घटला की टरबाइनचा वेग वाढू लागतो, भार वाढला की तो मंदावतो आणि वेगाबरोबर विजेची वारंवारताही ढळते. हा बदल टिपून पाण्याची वाट उघडणारी वा आवळणारी यंत्रणा म्हणजे गव्हर्नर अर्थात वेगनियंत्रक. तंत्रविज्ञानाच्या इतिहासात या यंत्रणेची कथा सामान्यतः जेम्स वॉटपासून सुरू होते आणि मॅक्सवेलपाशी संपते. ही मांडणी अपुरी आहे. स्थैर्याच्या गणिताला आजचे परिचित रूप देण्यात जलटरबाइनचा वाटा मोठा असून त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर केंद्रोत्सारी नियंत्रक बसविला. मूळ कल्पना त्याची नव्हती. पिठाच्या गिरण्यांत जात्याच्या तळ्यांमधील अंतर राखण्यासाठी फिरत्या गोळ्यांची योजना आधीच रूढ होती. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि दांड्यांच्या जोडणीतून वाफेची झडप आवळली जाते. या रचनेत एक उणीव मात्र होती. वाढलेल्या भारासाठी झडप अधिक उघडी राहावयाची, तर गोळे खालीच राहिले पाहिजेत; म्हणजेच वेगही किंचित कमीच राहिला पाहिजे. वेगातील या कायमच्या घटीला आज ‘ड्रूप’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील अनेक अभियंत्यांनी हा दोष मानला आणि तो नाहीसा करण्यासाठी बरीच बुद्धी खर्ची घातली.

त्याचा परिणाम उलटाच झाला. शतकाच्या मध्यास यंत्रकाम सुधारले, सांध्यांतील घर्षण घटले, इंजिने मोठी झाल्याने झडपा व त्यांना हलविणारे गोळे जड झाले. वेग वाढल्यामुळे प्रचक्रे तुलनेने हलकी झाली. प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे योग्यच होती. तथापि नवे नियंत्रक वेग स्थिर करण्याऐवजी त्याला सतत वरखाली झुलवू लागले. जुन्या ओबडधोबड यंत्रांत घर्षणच हे झोके जिरवीत होते, याची जाणीव ते घर्षण गेल्यावर झाली.

मॅक्सवेलने १८६८ मधील निबंधात या वर्तनाची अवकल समीकरणे मांडून स्थैर्याची अट सांगितली; परंतु तिसऱ्या कोटीच्या पुढे त्याला सर्वसाधारण उत्तर मिळाले नाही. ते राउथने १८७७ मध्ये दिले. कारखान्यांतील अभियंत्यांपर्यंत यांपैकी फारच थोडे पोहोचले. त्यांच्यावर खरा प्रभाव पडला तो सेंट पीटर्सबर्गच्या विश्नेग्राद्स्कीचा (हेच गृहस्थ पुढे रशियाचे अर्थमंत्री झाले). घर्षणासारखा शमनकारी घटक आणि ड्रूप या दोहोंवाचून वाफेच्या इंजिनाचा असा नियंत्रक स्थिर राहू शकत नाही, हे त्याने १८७६ मध्ये दाखवून दिले.

जलटरबाइनचा प्रश्न याहून बिकट होता. वाफ हलकी असते. उंचावरून लांब नळातून येणारा पाण्याचा स्तंभ मात्र जड असतो आणि त्याला गती असते. भार घटल्यावर नियंत्रकाने दार आवळले, तर हा स्तंभ एकदम थांबत नाही. दाराशी दाब चढतो आणि शक्ती कमी होण्याऐवजी क्षणभर वाढते. नियंत्रकाच्या आज्ञेचा पहिला परिणाम विरुद्ध दिशेने दिसतो. अशा स्थितीत घाई करणारा नियंत्रक झोके वाढवितो. दार फारच झपाट्याने मिटले तर नळ फुटण्याचाही धोका असतो.

झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये १८९२ पासून प्राध्यापक असलेल्या ऑरेल स्टोडोला याने हाच प्रश्न हाती घेतला. विश्नेग्राद्स्कीच्या पद्धतीत त्याने नळातील पाण्याचे जडत्व आणि दार हलविणाऱ्या यंत्रणेची गती यांची भर घातली, तेव्हा समीकरण सातव्या कोटीवर गेले. मॅक्सवेल व राउथ यांचे काम त्याला ठाऊक नव्हते. त्याने सहकारी गणितज्ञ अडॉल्फ हुर्विट्झ याला विचारले : समीकरण न सोडविता, केवळ सहगुणकांवरून सर्व मुळांचे वास्तव भाग ऋण आहेत की नाहीत, हे सांगता येईल काय? हुर्विट्झने निर्धारकांच्या रूपात दिलेले उत्तर १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. डाव्होस येथील टरबाइन केंद्रात या निष्कर्षांचा यशस्वी उपयोग झाल्याची नोंद त्याने त्याच निबंधात केली. शुद्ध गणिताच्या निबंधात आल्प्समधील एका आरोग्यस्थळाचे वीजकेंद्र यावे, हे विरळाच. पुढे राउथ व हुर्विट्झ यांच्या अटी समतुल्य ठरल्या आणि दोन्ही नावे जोडीने घेतली जाऊ लागली. स्टोडोलाचे नाव मात्र त्या जोडीत आले नाही.

उंच धबधब्याचा हा प्रश्न सह्याद्रीतही होताच. १९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रात पाणी ५०० मीटरहून अधिक उंचीवरून पेल्टन चक्रांवर येते. पेल्टन चक्रासाठी अभियंत्यांनी एक सुटसुटीत तोड काढली. भार एकाएकी तुटला की एक पाते पाण्याची धार तत्काळ चक्रापासून बाजूला वळविते आणि तोटीतील सुई सावकाश पुढे सरकून प्रवाह कमी करते. त्यामुळे नळातील दाब फारसा चढत नाही.

ड्रूपचीही पुढे पुनःस्थापना झाली. एका जाळ्यावर अनेक संच समांतर चालू लागले, तेव्हा ड्रूप नसलेले नियंत्रक एकमेकांशी झगडतात, भार कोणी किती उचलावा हे ठरतच नाही, असे आढळले. आता तो हेतुपुरस्सर ठेवला जातो. ५० हर्ट्झच्या जाळ्यात ५ टक्के ड्रूप असलेला संच, वारंवारता ०.५ हर्ट्झने घसरल्यास आणि त्याच्याकडे तेवढी राखीव क्षमता असल्यास, आपल्या क्षमतेच्या २० टक्के इतका जादा भार आपणहून उचलतो.