दूषित मातीत निर्धोक पीक

जपानच्या तोयामा प्रांतातील जिंझू नदीच्या खोऱ्यात गेल्या शतकात एका विचित्र व्याधीने ठाण मांडले होते. रुग्ण बहुतांशी उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रिया. हाडे इतकी दुबळी होत, की खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. 'इताई, इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', हा त्यांचा आक्रोशच रोगाचे नाव ठरला. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कामिओका खाणीतील कॅडमियम पाण्यावाटे भातखाचरांत आणि तेथून ताटात पोहोचले होते. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले.

जड धातू कुजत नाहीत की विरत नाहीत. जिंझू खोऱ्यातील सुमारे ८६० हेक्टर शेतजमीन दुरुस्त करण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. एवढा खर्च सर्वत्र परवडणारा नाही. म्हणूनच मातीतील अन्नद्रव्यांचे व्यवस्थापन महत्त्वाचे ठरते.

वनस्पतीला कॅडमियमची गरज नसते. भाताची मुळे ते मुख्यतः मँगनीज शोषणाऱ्या मार्गानेच आत घेतात. जमीन आम्लधर्मी असेल तर हा धातू अधिक मोकळा होतो. चुना घालून सामू वाढविला, की तो मातीच्या कणांना चिकटून राहतो. शेणखतातील सेंद्रिय घटकही त्याला धरून ठेवतात. जमिनीत जस्ताची उणीव असल्यास ती भरून काढणे हितावह. जस्त कॅडमियमशी स्पर्धा करते. खताची निवडही जपून करावी लागते. अमोनियम सल्फेट आम्लता वाढविते, तर म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड कॅडमियमला विद्राव्य ठेवते. काही स्फुरदयुक्त खतांत तर खुद्द कॅडमियमच असते!

जपानी शेतकरी भात निसवण्याच्या आधी व नंतर सुमारे तीन आठवडे खाचरात पाणी साठवून ठेवतात. पाण्याखाली प्राणवायू उरत नाही. कॅडमियम गंधकाशी बांधले जाते. मात्र खरी कोंडी येथेच आहे. त्याच स्थितीत लोहाची संयुगे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक सुटे होते. एक विष आवरावे, तर दुसरे मोकळे! सिलिकॉनयुक्त खत येथे उपयोगी पडते, कारण आर्सेनिकचा एक प्रकार सिलिकॉनच्याच वाटेने मुळात शिरतो. कॅडमियम जवळजवळ न शोषणारे कोशिहिकारी भाताचे वाणही जपानी संशोधकांनी विकसित केले असून, २०१२ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. मँगनीजची वाटच बंद केल्याने हे साधले. त्यामुळे मँगनीज कमी असलेल्या जमिनीत या वाणाची काळजी घ्यावी लागते.

तांदळातील कॅडमियमची जपानी मर्यादा २०११ मध्ये किलोमागे १ वरून ०.४ मिलिग्रॅमवर आणण्यात आली.

भाजीपाल्यात पालकासारख्या पालेभाज्या सर्वाधिक कॅडमियम साठवितात. शेंगवर्गीय पिकांत ते तुलनेने कमी उतरते. दूषित जमिनीत पालेभाजी टाळणे हाच म्हणून सर्वांत स्वस्त उपाय. पानांवर धुळीतून बसलेले शिसे धुतल्याने बरेचसे निघते. मुळांवाटे आत गेलेले कॅडमियम मात्र कितीही धुतले तरी निघत नाही.