नवा लॅपटॉप घेताय? आधी ‘डूम्सडे’ची गोष्ट ऐका

मोडी कागदांच्या फोटोंनी जुना लॅपटॉप भरला, म्हणून नवा बघायला गेलो. दुकानदाराचा पहिलाच प्रश्न : ‘५१२ जीबी की एक टीबी?’ तुम्हालाही हाच विचारतील. पण खरा प्रश्न वेगळा आहे. वीस वर्षांनी या फाइली उघडतील का?

१०८५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम राजाने राज्यातल्या जमिनीची पाहणी करायचा हुकूम दिला. कोणाकडे किती जमीन, किती नांगर, उत्पन्न काय, हे १०८६ मध्ये नोंदलं गेलं. तेच ‘डूम्सडे बुक’. त्याला ९०० वर्षं झाली तेव्हा, १९८६ मध्ये, बीबीसीने नवं डूम्सडे काढलं. शाळकरी मुलांसकट लाखो लोकांनी आपापल्या गावाची माहिती आणि फोटो पाठवले. सगळं दोन लेझर डिस्कवर बसवलं. मात्र त्या वाचायला खास प्लेअर आणि कॉम्प्युटर लागायचा. संच सुमारे ५,००० पौंडांचा. फार थोड्या शाळांना तो परवडला. पुढे ती यंत्रंच दुर्मीळ झाली. २००२ च्या सुमारास संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहावं लागलं. चामड्यावर लिहिलेलं मूळ पुस्तक मात्र तेव्हाही वाचता येत होतं.

म्हणून लगेच ‘जुनं ते सोनं’ म्हणू नका. चामडंही जळतं. पण मूळ पुस्तक १७८३ मध्येच छापलं गेलं होतं. एक प्रत गेली तरी मजकूर उरला असता. नवं डूम्सडे एकाच जातीच्या डिस्कवर आणि एकाच जातीच्या यंत्रावर अवलंबून राहिलं. २०११ मध्ये बीबीसीने त्यातला बराच मजकूर वेबसाइटवर आणला, २०१८ मध्ये ती साइटही बंद झाली. तो आज वाचता येतो, कारण ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्याची प्रत ठेवली आहे.

आता खरेदीकडे. लॅपटॉपमधली एसएसडी वेगासाठी असते, जपणुकीसाठी नाही. अनेक मॉडेलांत ती बोर्डालाच जोडलेली असते. बोर्ड गेला की डेटाही अडकतो. क्लाउडवरचं सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे : इथे चुकून डिलीट केलेली फाइल तिथूनही जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. फोटो जेपीईजी किंवा टिफमध्ये ठेवा, टिपणं साध्या टेक्स्टमध्ये. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फॉरमॅट म्हणजे पुन्हा ती लेझर डिस्कच.

मी शेवटी ५१२ जीबीचाच घेतला आणि वाचलेल्या पैशांत दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणल्या. एक खोलीवर, एक गावी आईच्या कपाटात. सुट्टीला घरी गेलो की अदलाबदल करतो, आणि त्याआधी चार-दोन फोल्डर उघडून बघतो. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, नुसता समज असतो.